तळटीप: आबासाहेब

* आबासाहेब : सांगोल्याचे (जि. सोलापूर) माजी आमदार गणपतराव देशमुख. महाराष्ट्र राज्याच्या स्थापनेनंतरच्या पहिल्याच, म्हणजे १९६२ च्या, सार्वत्रिक निवडणुकीत शेतकरी कामगार पक्षाच्या वतीने ते विधानसभेवर प्रथम निवडून आले. त्यानंतरचे १९७२ व १९९५ हे दोन पराभव वगळता, ही पहिली निवड व १९७४ ची पोटनिवडणूक धरून २०१४ पर्यंत एकूण ११ वेळा त्याच मतदारसंघाने, त्याच पक्षाचे उमेदवार म्हणून, त्यांना विधानसभेत पाठविले. मूळ मजकुरातील ‘अर्धशतकाची आमदारकी’ हे शब्द या दोन खंडांसह वाचावेत. १९७८ व १९९९ नंतरच्या मंत्रिमंडळांत त्यांचा समावेश होता. परंतु त्यांच्या कारकिर्दीचा बहुतांश काळ विरोधी बाकांवरच गेला, आणि पक्षाची शक्ती क्षीण होत गेल्यावरही ज्यांनी पक्षांतराचा मार्ग पत्करला नाही अशा मोजक्या लोकप्रतिनिधींत त्यांची गणना करावी लागते. माणदेशाच्या अवर्षणग्रस्त मुलखात टेंभू व म्हैसाळ योजनांचे पाणी यावे म्हणून केलेला दीर्घकालीन पाठपुरावा, रोजगार हमीच्या कामांविषयीची आस्था आणि सहकारी सूतगिरणी हे त्यांच्या कार्याचे ठळक विशेष होत. मुंबईस अधिवेशनाला जाताना एस. टी.च्या साध्या गाडीत आमदारांसाठी राखलेल्या आसनावर बसून प्रवास करण्याचा त्यांचा परिपाठ सर्वश्रुत होता. वार्धक्यामुळे २०१९ ची निवडणूक त्यांनी लढविली नाही. ३० जुलै २०२१ रोजी सोलापूर येथे त्यांचे निधन झाले. मतदारांचा विश्वास निष्ठेने व साधेपणाने पिढ्यान्‌पिढ्या टिकविता येतो, याचे इतके निःसंदिग्ध प्रमाण आपल्या संसदीय इतिहासात विरळाच आढळते. — संपादक