मिलिकन यांची साक्ष

विज्ञानाच्या इतिहासाचे एक सुलभ कथन सर्वांच्या परिचयाचे आहे. एका प्रतिभावंताने नवा विचार मांडला, दुसऱ्याने तो प्रयोगाने सिद्ध केला आणि जगाने त्याचा स्वीकार केला, असे ते कथन. प्रकाशाच्या पुंजस्वरूपाचा इतिहास मात्र या साच्यात बसत नाही. ज्या प्रयोगकर्त्याने या विचारास सर्वांत भक्कम पुरावा मिळवून दिला, त्याचाच त्या विचारावर विश्वास नव्हता. हा प्रयोगकर्ता म्हणजे अमेरिकेतील शिकागो विद्यापीठाचे रॉबर्ट मिलिकन. त्यांच्या साक्षीचे मोल काय, याचा विचार आम्ही येथे करणार आहोत.

धातूच्या पृष्ठभागावर योग्य प्रकारचा प्रकाश पडला असता त्यातून इलेक्ट्रॉन बाहेर पडतात. या परिणामाची पहिली चिन्हे हर्ट्झ यांना १८८७ मध्ये दिसली. १९०२ मध्ये लेनार्ड यांनी एक विलक्षण गोष्ट नोंदविली. प्रकाश प्रखर केला की इलेक्ट्रॉनांची संख्या वाढते. परंतु प्रत्येकाची कमाल ऊर्जा वाढत नाही. ती ऊर्जा प्रकाशाच्या वारंवारतेवर, म्हणजे त्याच्या रंगावर, अवलंबून असते. प्रकाश ही केवळ लाट असेल, तर असे का व्हावे?

बर्न येथील पेटंट कार्यालयात नोकरीस असलेल्या आइनस्टाइन यांनी १९०५ मध्ये याचे उत्तर दिले. प्लांक यांनी १९०० मध्ये मांडलेली ऊर्जापुंजांची कल्पना त्यांनी खुद्द प्रकाशासच लागू केली. प्रकाशाचा एक पुंज आपली सर्व ऊर्जा एका इलेक्ट्रॉनास देतो. धातूतून सुटण्यासाठी लागणारी ऊर्जा वजा जाता उरलेली इलेक्ट्रॉनाजवळ राहते. वारंवारता आणि ही उरलेली कमाल ऊर्जा यांचा आलेख काढला, तर तो सरळ रेषेत यावा आणि त्या रेषेचा चढ कोणत्याही धातूसाठी सारखाच असावा, असे यातून निष्पन्न होत होते.

विद्वानांना हे पटले नाही, आणि त्यांचा विरोध निराधार नव्हता. प्रकाशाचे व्यतिकरण व विवर्तन लाटेवाचून समजत नव्हते. १९१३ मध्ये प्रशियन अकादमीसाठी आइनस्टाइन यांची शिफारस करताना स्वतः प्लांक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रकाशपुंजाच्या कल्पनेबद्दल त्यांना जणू क्षमा करावी, असा सूर लावला होता.

मिलिकन यांचीही धारणा हीच होती. या समीकरणाच्या परीक्षणात त्यांची सुमारे १० वर्षे गेली. हवेच्या संपर्काने धातूचा पृष्ठभाग गंजतो आणि मापन बिघडते. म्हणून त्यांनी निर्वात काचपात्रातच एक धारदार पाते बसविले. बाहेरून विद्युतचुंबकाने ते चालवून सोडियम, पोटॅशियम आणि लिथियम यांचे पृष्ठभाग आतल्या आत तासले जात. १९१६ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. आलेख सरळ रेषेत आला होता. त्यातून निघालेला प्लांक यांचा स्थिरांक आजच्या मूल्याहून एक टक्क्यापेक्षाही कमी अंतरावर आहे.

तथापि १९१६ च्या त्या लेखात आणि १९१७ च्या ‘द इलेक्ट्रॉन’ या ग्रंथातही मिलिकन यांनी समीकरण मान्य केले आणि त्यामागील प्रकाशपुंजाची उपपत्ती नाकारली. आइनस्टाइन यांना दिलेल्या १९२१ च्या नोबेल पारितोषिकाच्या शब्दांतही प्रकाशविद्युत् परिणामाच्या नियमाचा उल्लेख आहे, प्रकाशपुंजाचा नाही. पुढे १९२३ मध्ये कॉम्प्टन यांनी क्ष-किरण इलेक्ट्रॉनांवर कणांप्रमाणे आदळतात हे दाखविले. १९२४ मध्ये ढाक्याहून सत्येंद्रनाथ बोस यांनी प्रकाशपुंजांच्या गणनेतूनच प्लांक यांचा नियम सिद्ध केला. १९२७ मध्ये तर इलेक्ट्रॉनांचेही विवर्तन आढळले. लाट मिथ्या ठरली नाही. मात्र लाट की कण, हा प्रश्नच अपुरा ठरला.

या इतिहासाचा शेवट अभ्यासकांनी विशेष ध्यानात घ्यावा असा आहे. १९५० मध्ये प्रसिद्ध झालेल्या आत्मचरित्रात मिलिकन यांनी लिहिले की, आपल्या प्रयोगाने आइनस्टाइन यांची उपपत्ती निःसंशय सिद्ध झाली, असे आपणास तेव्हाच वाटले होते. त्यांचे १९१६ चे शब्द नेमके याच्या उलट आहेत. यात हेतुपुरस्सर असत्य होते, असे आम्ही म्हणणार नाही. मनुष्याची स्मृती पुढे मिळालेल्या ज्ञानाच्या प्रकाशात भूतकाळ पुन्हा लिहीत असते. म्हणूनच घटनेच्या वेळचा लेख आणि उत्तरकालीन आठवण यांत भेद दिसेल, तेथे आधी त्या काळचा लेख पाहावा.

आमच्या मते १९१६ चे मिलिकन १९५० च्या मिलिकन यांच्यापेक्षा थोर आहेत. स्वतःच्या मताविरुद्ध जाणारी सरळ रेषा त्यांनी वाकविली नाही. जशी आली तशी छापली. त्यांचे मत चुकीचे होते, परंतु त्यांची नोंद खरी होती, आणि पुढच्यांच्या उपयोगी पडली ती नोंदच.