एका ‘प’चा खटला

गोव्यात पोर्तुगीज होते तेव्हा मी प्राथमिक शाळेत होतो. त्यामुळे शिवाजी महाराजांच्या आधी आमची ओळख विरियातोशी झाली. रोमनांना जेरीस आणणारा हा लुसितानी सरदार इ.स.पू. 139 मध्ये फितूर झालेल्या आपल्याच माणसांकडून मारला गेला. पोर्तुगालचा हा मूळ पुरुष, असे मास्तर सांगत. पोर्तुगीज कवी कामोइंशने 1572 साली आपल्या महाकाव्याला नावही लुसितान्यांचेच दिले. हुकूमशहा सालाझारच्या काळात, 1940 साली, विझेऊ शहरात विरियातोचा पुतळा उभा राहिला. मात्र तो बोलत काय होता, हे शाळेत कधी निघाले नाही. पोर्तुगीज नक्कीच नव्हे. ती तर त्याच्या शत्रूंच्या लॅटिनची लेक.

त्याच्या मुलखातली भाषा आज बोटांवर मोजण्याइतक्या शिलालेखांत उरली आहे. तेही रोमन अमलातले आणि रोमन लिपीतले. विझेऊ जिल्ह्यातच लामास दे मोलेदो इथे एक शिळा आहे. तिची सुरुवात चक्क लॅटिनमध्ये होते: रुफिनस आणि तिरो यांनी लिहिले. खालचा मजकूर लुसितानी. अमके लोक अमक्या देवाला ‘दोएंति’, म्हणजे देतात. आणि देण्याच्या वस्तूंत ‘पोर्गोम’, म्हणजे डुक्कर. ग्वार्दाजवळच्या काबेसु दाश फ्रागुआश या डोंगरावरच्या खडकात तर बळींची यादीच आहे: त्रेबोपालाला मेंढी, लाएबोला डुक्कर, त्रेबारुनाला मेंढी, रेवेला बैल. रोमनांच्या एका मोठ्या यज्ञातही डुक्कर, मेंढा आणि बैल हेच तीन बळी असत. आपल्या सौत्रामणी यागात अश्विनांना बोकड, सरस्वतीला मेंढा आणि इंद्राला बैल सांगितला आहे. एवढ्यावरून घराणे इंडो-युरोपीय हे कळते. वाद आहे तो शाखेचा: केल्टिक, इटालिक की स्वतंत्र.

सगळा खटला अडतो त्या डुकरापाशी. केल्टिक भाषांनी मूळचा ‘प’ गाळला. लॅटिन ‘पोर्कुस’ला जुन्या आयरिशमध्ये ‘ओर्क’ म्हणतात, ‘पातेर’ला ‘अथिर’. लुसितानीने ‘प’ जपला, म्हणून ती केल्टिक नव्हे, असे भाषाशास्त्रज्ञ आंतोनियो तोवार आणि कार्ल होर्स्ट श्मिट यांचे म्हणणे. युर्गेन उंटरमान यांनी उलट बाजू मांडली: माणसांची, गावांची, देवांची नावे केल्टिक वळणाची आहेत, तेव्हा ही केल्टिकच. मोलेदोच्या शिळेवरच्या गावाच्या नावात गढीचा केल्टिक ‘ब्रिगा’ आहेही. ब्लांका मारिया प्रोस्पेर यांना मात्र ती लॅटिनच्या इटालिक शाखेच्या जवळची वाटते.

माझे म्हणणे भाषाशास्त्रज्ञाचे नाही, दप्तर वाचणाऱ्याचे आहे. पुराभिलेखात नोकरी करताना आमच्या देवळांचे पोर्तुगीज ‘कोंप्रोमिसो’, म्हणजे नियमावल्या, माझ्या हाताखालून गेल्या. त्यांत रोमन अक्षरांत शांतादुर्गा येते, मंगेश येतो, गावे येतात, महाजनांची आडनावे येतात. पण वाक्य फिरते ते पोर्तुगीज क्रियापदावर. दोन हजार वर्षांनी त्यातले एकच पान उरले आणि एखाद्या पंडिताने नावे मोजून निकाल दिला, तर तो पोर्तुगीजला कोकणीची बहीण ठरवील. देवांची आणि गावांची नावे शेजार सांगतात. कूळ सांगतात ती क्रियापदे, प्रत्यय आणि ‘आणि’सारखी बारकी अव्यये.

म्हणून उंटरमान यांचा नावांचा पुरावा मला हलका वाटतो. खडकावरचा बैल ‘ताउरोम’ आहे, लॅटिन ‘ताउरुस’सारखा, गॉलच्या केल्टिकमध्ये तो ‘तार्वोस’ झालेला. इथपर्यंत इटालिक पक्ष खूश. पण ‘आणि’साठी लुसितानी म्हणते ‘इंदि’. हे लॅटिनचे ‘एत’ नव्हे. काही जण त्याचा संबंध जर्मन ‘उंट’शी लावतात. शिवाय ‘प’ राखणे ही मूळची ठेव आहे. ती कोणीही राखू शकतो, त्यावरून नाते जुळत नाही. नाते जुळते ते दोघांनी मिळून केलेल्या बदलांवरून, आणि तसे बदल दाखवायला इतका थोडा मजकूर पुरत नाही. ‘प’ने केल्टिकांचा दावा कमकुवत केला, इटालिकांचा सिद्ध केला नाही.

पुढे पोर्तुगालमध्ये आरोंशेशजवळ आणखी एक लेख मिळाला. त्यातही पुन्हा बळी आणि देव. फ्रागुआशच्या खडकावरचाच मेंढीचा शब्द ‘ओइला’ आणि देव रेवे दोन्ही पुन्हा भेटले, पण वाद जागचा हलला नाही. यादी कितीही लांबली तरी तिच्यात नामेच वाढतात. एखादे विक्रीपत्र, शपथ, निदान शेजाऱ्याला दिलेली शिवी सापडेल, तेव्हा क्रियापदे बोलतील. तोवर लुसितानीची स्वतंत्र शाखा मानावी, असे माझे मत. पूर्वज म्हणून तिचे नाव मिरवणाऱ्यांनीही तिला उसन्या घरात ढकलू नये.