प्लेगचे रुग्णालय आणि संसर्गाचा उलगडा

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी ग्रंथिक प्लेगचे, म्हणजे जांघेत किंवा काखेत गाठ येऊन तीव्र ताप भरणाऱ्या रोगाचे, निदान केले, तेव्हा या रोगाचा जंतू सापडून दोनच वर्षे झाली होती आणि तो माणसापर्यंत कसा पोचतो हे कोणालाच ठाऊक नव्हते. त्यामुळे रोगी व त्याचे कपडे हेच संसर्गाचे मूळ मानले गेले, आणि घरोघर झडत्या घेऊन रोग्यांना सक्तीने रुग्णालयात हलवण्याचे धोरण राबवले गेले; फेब्रुवारी १८९७ च्या साथरोग कायद्याने त्याला आणखी बळ दिले.

या धोरणाने लोकांच्या मनात रुग्णालयाचीच दहशत बसवली. रोगी लपवले जात आणि अखेरच्या अवस्थेत दाखल होत. साहजिकच त्यांतले बहुसंख्य दगावत, आणि तिथे माणसे मारली जातात ही अफवा पक्की होई. ऑक्टोबर १८९६ मध्ये गिरणी कामगारांच्या जमावाने आर्थर रोड रुग्णालयावर हल्ला केला. पुढे जातीजमातींनी आपापली रुग्णालये काढली. पुण्यात लोकमान्य टिळकांनी हिंदू प्लेग रुग्णालयासाठी पुढाकार घेतला.

या रुग्णालयांत मात्र अपेक्षेच्या उलट घडत होते. रोग्यांची सेवा करणाऱ्या परिचारिका, वॉर्डबॉय आणि उशाशी बसून राहणारे नातेवाईक यांना ग्रंथिक प्लेगची बाधा क्वचितच होत असे. रोग जर रोग्याच्या स्पर्शाने पसरत असता, तर सर्वाधिक बळी याच मंडळींतून गेले असते. १८९८ मध्ये कराचीत पॉल-लुई सिमाँ यांनी प्लेगचा जंतू उंदरांच्या पिसवांमार्फत पसरतो असे प्रयोगाने दाखवले. १९०५ नंतर परळच्या प्रयोगशाळेतील संशोधनाने त्याला दुजोरा दिला. मेलेल्या उंदराचे शरीर थंड पडले की पिसवा नवा आश्रय शोधतात. म्हणून धान्याची कोठारे आणि दाटीच्या चाळी धोक्याच्या ठरल्या, तर उंदीर नसलेली हवेशीर दालने त्या मानाने सुरक्षित राहिली.

याला महत्त्वाचा अपवाद होता तो फुप्फुसाच्या प्लेगचा, कारण त्यात खोकल्याच्या तुषारांतून जंतू थेट शेजारच्या माणसाकडे जातो. शिवाय रोग्याच्या कपड्यांतून पिसवा येण्याचा धोका होताच. त्यामुळे ही सेवा निर्धोक कधीच नव्हती; प्लेगग्रस्त मुलाला उपचारांसाठी उचलून आणणाऱ्या सावित्रीबाई फुले यांचे १० मार्च १८९७ रोजी याच रोगाने निधन झाले.

उंदीर पडू लागले की घरे सोडून माळावर झोपड्या बांधून राहण्याची खेड्यांतील रीत आणि वॉर्डांतील हा अनुभव, दोन्ही एकाच निष्कर्षाकडे नेत होते: सोडायचे होते ते घर, माणसाला तोडण्याची गरज नव्हती. रुग्णालयात कोणाला लागण होते आणि कोणाला होत नाही याची नोंद शासनाने आरंभापासून गांभीर्याने वाचली असती, तर कुटुंबांची ताटातूट आणि त्यातून उसळलेला रोष यांतला मोठा भाग टळला असता. साथीच्या काळात सत्तेने धाकापेक्षा निरीक्षणावर विसंबावे, हा त्या वॉर्डांनी दिलेला धडा आहे.