स्टार्ट मेनू: कपाट आपलं, मांडणी कोणाची?

आजच्या भागात इतिहास आहे, पण लढाया आणि तहांचा नाही. घरच्या कॉम्प्युटरवर स्टार्ट दाबलं की प्रोग्रामांची जी लांबलचक यादी उघडते ना, तिचा. ती इतकी विस्कटते का, आणि ती आवरायची कोणी?

सुरुवात १९९० पासून करू. विंडोज ३.० मध्ये 'प्रोग्राम मॅनेजर' होता. त्यात छोट्या छोट्या खिडक्या, त्यांना ग्रुप म्हणायचे. पण एका ग्रुपच्या पोटात दुसरा ग्रुप ठेवता येत नसे. प्रोग्राम वाढले की खिडकीवर खिडकी चढायची आणि खालची दिसेनाशी व्हायची.

पुढच्या आवृत्तीसाठी मायक्रोसॉफ्टने साध्या वापरकर्त्यांना समोर बसवून चाचण्या घेतल्या. सुरुवातीच्या आराखड्यात पडद्याच्या तळाशी तीन बटणं होती: सिस्टम, फाइंड आणि हेल्प. पुढे त्या तिघांचं एकच बटण झालं आणि त्यावर शब्द आला 'स्टार्ट'. २४ ऑगस्ट १९९५ रोजी विंडोज ९५ बाजारात आलं.

आता यातली खरी गंमत ऐका. हा मेनू म्हणजे डिस्कवरचा एक साधा फोल्डर होता, आत नुसते शॉर्टकट. नवा फोल्डर करा, नाव द्या, शॉर्टकट उचलून त्यात टाका, की मेनू बदलला. विंडोज ९८ मध्ये तर उघड्या मेनूतच माऊसने ओढून क्रम बदलता यायला लागला. म्हणजे कपाटाची किल्ली आपल्याच हातात होती.

मग पसारा झाला कसा? तर प्रत्येक इन्स्टॉलर आला की कंपनीच्या नावाचा फोल्डर करायचा. त्यात प्रोग्राम, मदत, रीडमी, वेबसाइटचा दुवा आणि अनइन्स्टॉल. आता सांगा, स्वयंपाकघरात आपण डबे वाण्याच्या नावाने लावतो का? डाळी एकीकडे, मसाले एकीकडे. आपण कामाने विचार करतो, मेनू मात्र विक्रेत्याच्या नावाने भरत गेला. बरं, हौसेने सगळं 'चित्रं', 'हिशेब', 'खेळ' असं लावलं, तरी प्रोग्राम काढताना अनइन्स्टॉलर जुन्याच जागी शोधायचा. हलवलेला शॉर्टकट तसाच मागे, मेलेला. आणि नवी आवृत्ती टाकली की कंपनीचा फोल्डर पुन्हा हजर.

यावर मायक्रोसॉफ्टने वेगवेगळे उपाय केले. विंडोज २००० मध्ये न वापरलेल्या गोष्टी आपोआप लपायला लागल्या; काल दिसलेली वस्तू आज गायब, हे अनेकांना रुचलं नाही. २००१ च्या एक्सपीने नेहमीचे प्रोग्राम डावीकडे काढून ठेवले. व्हिस्टाने शोधपेटी दिली. २०१२ च्या विंडोज ८ ने मेनूच काढून टाकला, इतकी ओरड झाली की २०१५ च्या विंडोज १० मध्ये तो परत आणावा लागला.

तिकडे लिनक्सवाल्यांनी वेगळी वाट धरली. तिथे प्रोग्रामसोबतच्या छोट्या फाइलीत त्याचा वर्ग लिहिलेला असतो: ग्राफिक्स, ऑफिस, गेम, एज्युकेशन. कंपनी कोणतीही असो, चित्रांचा प्रोग्राम चित्रांच्याच कप्प्यात जातो. पटलं नाही तर मेनू एडिटर आहेच.

कोणी म्हणेल, आता नाव टाइप केलं की मिळतं, आवरायचं कशाला? माझं मत वेगळं आहे. शोधायला नाव माहीत असावं लागतं. घरात एकच कॉम्प्युटर चौघं वापरतात. वर्षातून दोनदा फोटो छापणाऱ्या आजोबांना प्रोग्रामचं इंग्रजी नाव कुठून आठवणार? त्यांना 'फोटो' लिहिलेला कप्पा हवा. शोधपेटी मागितलेली वस्तू देते. आपल्याकडे काय काय आहे, ते मेनूच दाखवतो.

तो फोल्डर आजही आहे, बरं का. मेनूतल्या बहुतेक जुन्या पद्धतीच्या प्रोग्रामवर राइट क्लिक करा, 'ओपन फाइल लोकेशन' निवडा, थेट तिथे पोहोचाल. रीडमी आणि वेबसाइटचे शॉर्टकट आधी काढा. शॉर्टकट काढल्याने प्रोग्राम जात नाही, एवढं ध्यानात ठेवा. मग घरातल्यांना समजतील अशा मराठी नावांचे चार-पाच फोल्डर करा.

करून बघा, आणि कप्प्यांना काय नावं दिलीत ते नक्की कळवा. भेटू पुढच्या भागात.