मानसशास्त्रीय मूल्यमापन (उपचारपूर्व)

मानसोपचार सुरू करताना व्यक्तीच्या त्रासाचे स्वरूप, तीव्रता, पार्श्वभूमी आणि तिला असलेला आधार यांचा पद्धतशीर शोध घेण्याची प्रक्रिया. मुलाखत, निरीक्षण, प्रश्नावल्या व प्रमाणित चाचण्या ही तिची मुख्य साधने होत. निदानाला व उपचारांच्या आखणीला तिचा आधार मिळतो.

इतिहास : पहिल्या महायुद्धाच्या काळात अमेरिकन मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट वुडवर्थ यांनी सैनिकांसाठी तयार केलेली प्रश्नावली ही अशा साधनांची पूर्वज मानली जाते. स्विस मनोविकारतज्ज्ञ हेरमान रोर्शाख यांची शाईच्या १० डागांची चाचणी १९२१ मध्ये, तर एरन बेक यांची नैराश्यमापनाची २१ कलमी सूची १९६१ मध्ये प्रसिद्ध झाली.

मुलाखत : त्रास कधी सुरू झाला, झोप, भूक, कामधंदा व नातेसंबंध यांवर त्याचा काय परिणाम झाला, पूर्वीचे आजार, चालू औषधे, व्यसने आणि कुटुंबातील मानसिक आजार यांची माहिती घेतली जाते. बोलण्याचा वेग, भावावस्था, विचारांचा ओघ, भास, स्मरण आणि स्वतःच्या आजाराची जाण यांचीही नोंद होते. थायरॉइडचे विकार किंवा ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता यांतही उदासी व थकवा आढळतो. म्हणून गरजेनुसार रक्ततपासणी सुचवली जाते. रुग्णासोबत बहुधा घरचे माणूस येते. त्याने दिलेली माहिती मोलाची असली, तरी रुग्णाशी एकट्याने बोलणे आवश्यक असते. घरातील मारहाण किंवा व्यसन यांविषयी इतरांसमोर बोलणे अनेकांना जमत नाही.

प्रश्नावली : २००१ मध्ये प्रसिद्ध झालेली ‘पीएचक्यू-९’ ही नैराश्यमापनाची प्रश्नावली जगभर वापरली जाते. गेल्या दोन आठवड्यांत कामात रस न वाटणे, झोप बिघडणे, स्वतःविषयी वाईट वाटणे असे नऊ त्रास किती वेळा झाले, हे तीत विचारतात. प्रत्येक उत्तराला ० ते ३ गुण असतात; बेरीज जास्तीत जास्त २७ होते. ५, १०, १५ व २० या गुणांपासून अनुक्रमे सौम्य, मध्यम, मध्यम-तीव्र व तीव्र पातळी सुरू होते. नववा प्रश्न मरणाच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांचा आहे. एकूण गुण कमी असले, तरी या प्रश्नाला होकार आल्यास त्याच भेटीत सविस्तर विचारपूस करावी लागते. असे विचारल्याने आत्महत्येचा विचार मनात रुजतो, ही समजूत चुकीची आहे. कोणी थेट विचारले की अनेकांना मोकळे वाटते.

मर्यादा : केवळ गुणांवरून निदान करता येत नाही. ताजे दुःख, वाचनाची अडचण किंवा बदनामीची भीती यांमुळे उत्तरे बदलतात. ‘डोके जड होते’, ‘छातीत धडधडते’ अशा शारीरिक तक्रारींमागील उदासी प्रश्नावलीतून निसटू शकते. परभाषेतील चाचणीचा नुसता अनुवाद पुरेसा नसतो. ती स्थानिक लोकांवर पडताळून प्रमाणित करावी लागते.

रुग्णाचे हक्क : भारतातील मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ नुसार रुग्णाची माहिती गोपनीय ठेवणे बंधनकारक आहे, जिवाला धोका असल्यास व अन्य काही प्रसंगी अपवाद आहेत. चाचणी कशासाठी आहे हे आधी सांगणे आणि निष्कर्ष रुग्णाला त्याच्या भाषेत समजावणे हा मूल्यमापनाचाच भाग आहे. तातडीच्या मदतीसाठी ‘टेली-मानस’ची १४४१६ ही शासकीय दूरध्वनी सेवा उपलब्ध आहे. उपचार सुरू झाल्यावर तीच प्रश्नावली ठरावीक काळाने पुन्हा भरून घेतात. अपेक्षित उतार न पडल्यास उपचारांची दिशा बदलली जाते.