भुतांचें बिऱ्हाड

भयानक रस हा हास्याच्या विरोधी रसांपैकीं होय, असें आपल्या साहित्यशास्त्रकारांनीं सांगून ठेविलें आहे. तथापि १९६४ च्या सप्टेंबरांत अमेरिकेंतील दोन टेलिव्हिजन मालिकांनीं हे दोन्ही रस एकाच घरांत नांदविण्याचा प्रयत्न केला. ता. १८ रोजीं एबीसी वाहिनीवर ‘दि ॲडम्स फॅमिली’ सुरू झाली, आणि सहाच दिवसांनीं सीबीएसवर ‘दि मन्स्टर्स’.

‘ड्रॅक्युला’ व ‘फ्रँकेन्स्टाइन’ हे १९३१ चे भयपट काढणाऱ्या युनिव्हर्सल संस्थेनेंच मन्स्टर्सचें बिऱ्हाड थाटलें. लेखक कॉनेली व मोशर यांनीं तत्पूर्वीं एका सालस मुलाच्या घरगुती कथा लिहून लौकिक मिळविला होता. तोच सांचा त्यांनीं येथें वापरला. कर्ता पुरुष मात्र टांके घातलेला राक्षस! फ्रेड ग्विन यानें रंगविलेला हा हर्मन नोकरीवर जातो, बायकोला भितो, मुलाला उपदेश करतो. घरांतील एकुलती सुस्वरूप मुलगी मॅरिलिन. पण घरच्यांच्या मतें बिचारी कुरूप, आणि म्हणूनच तिचें लग्न जमत नाहीं. मालिकेंतील सर्वांत तीक्ष्ण कल्पना हीच. परंतु लेखकांनीं तिच्यांतून काढलें काय? तरुण येतो, हर्मनला पाहतो, पळतो; आणि अदृश्य मंडळींचें ठराविक हास्य ऐकूं येतें. हर्मन निरुपद्रवी आहे हें एकदां ठाऊक झाल्यावर भय उरत नाहीं, आणि भय गेलें म्हणजे विनोदाचा अर्धा आधारही जातो.

ॲडम्स कुटुंबाचें मूळ अधिक खोल. चार्ल्स ॲडम्स यांचीं हीं चित्रें १९३८ पासून ‘न्यूयॉर्कर’मध्यें येत. एका चित्रांत नाताळचीं गाणीं गाणारी मंडळी दाराशीं उभी आहे, आणि वर गच्चीवर हें कुटुंब त्यांच्यावर कढई उलटण्याच्या बेतांत आहे. पुढचा क्षण चित्रकारानें काढलाच नाहीं. तो पाहणाऱ्याच्या मनांत घडतो. पडद्यावर असें थांबतां येत नाहीं. म्हणून तेथें क्रौर्य गेलें व चमत्कारिक संवयी तेवढ्या राहिल्या. मात्र मोबदल्यांत चित्रांत नसलेली एक गोष्ट मिळाली. गोमेझ व मॉर्टिशिया (जॉन ॲस्टिन व कॅरोलिन जोन्स) यांचें दांपत्यप्रेम इतकें मनमोकळें आहे कीं, भोंवतालचीं ‘सभ्य’ जोडपीं त्यांच्यापुढें फिकीं वाटावीं. टकलू फेस्टरकाका झालेला जॅकी कूगन म्हणजे चॅप्लिनच्या १९२१ च्या ‘दि किड’मधील गोजिरवाणा पोर, हें जाणणाऱ्यास हंसतांना किंचित् चुटपुटही लागे.

वांशिक भेदाविरुद्ध नागरी हक्कांचा कायदा अमेरिकेंत याच वर्षीं, जुलैमध्यें झाला होता. शेजारीं कोणाला राहूं द्यावें, हा त्या काळीं थट्टेचा विषय नव्हता. हर्मन एका भागांत मुलाला समजावतो कीं, रूपापेक्षां अंतःकरण व शील पाहावें. बोल खरे, पण पळालेला पाहुणा पुनः परतून त्या घरीं जेवल्याचें फारसें दिसत नाहीं. मालिकेचें खरें दुबळेपण येथें आहे.

१९६६ च्या जानेवारींत ‘बॅटमॅन’ रंगांत अवतरला, आणि या दोन्ही कृष्णधवल मालिका त्याच वर्षीं बंद पडल्या; ॲडम्सचे ६४ व मन्स्टर्सचे ७० भाग झाले. त्याच सालीं मन्स्टर कुटुंबावर एक रंगीत चित्रपट निघाला. त्यांत हर्मनचा हिरवा चेहरा लख्ख दिसतो. सांवलींत जी थोडी दहशत शिल्लक होती, ती त्या रंगानें पुसून टाकली.