विंचुर्णीचे दर्यावर्दी

आपल्या शाळेची सहल बहुतेक भगवती किल्ल्यावर जायची. तटावरून समुद्र बघायचा, कान्होजी आंग्र्यांच्या गोष्टी ऐकायच्या, डबे खायचे आणि परत. "पाण्यात कोणी जायचं नाही," ही बाईंची सूचना ठरलेली. मिरकरवाड्याची मुलं सोडली, तर आपल्यापैकी बहुतेकांसाठी समुद्र हा लांबून बघायचाच होता. म्हणून स्मरणिकेसाठी इतिहासावर लिहायचं ठरलं, तेव्हा मला व्हाइस अ‍ॅडमिरल मनोहर आवटी आठवले. ते रत्नागिरीचे नव्हेत. पण त्यांनी जे केलं, त्याचा संबंध आपल्या किनाऱ्याशी आहे.

आवटींचा जन्म ७ सप्टेंबर १९२६चा. १९७१च्या युद्धात बंगालच्या उपसागरात 'कामोर्ता' ही युद्धनौका त्यांच्या हाताखाली होती. त्या कामगिरीबद्दल त्यांना वीर चक्र मिळालं. १९७८ साली त्यांनी मुंबईत मेरीटाइम हिस्टरी सोसायटी स्थापन केली. पश्चिम नौदल विभागाचे प्रमुख म्हणून १९८३मध्ये ते निवृत्त झाले आणि पुढे सातारा जिल्ह्यात फलटणजवळच्या विंचुर्णी गावी जाऊन राहिले. सह्याद्रीपलीकडचा हा कमी पावसाचा मुलूख. तिथून समुद्र दिसायचं नावच नको. झाडं, पक्षी, वन्यप्राणी यांचं त्यांना मनापासून वेड होतं आणि त्यातच ते रमले.

समुद्र मात्र डोक्यातून गेला नव्हता. १९६९मध्ये रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन या इंग्रज खलाशाने एकट्याने, कुठेही न थांबता, शिडाच्या बोटीतून पृथ्वीप्रदक्षिणा केली. असं करणारा तो जगातला पहिला माणूस. ३१२ दिवस त्याला सांभाळणारी 'सुहैली' ही सागवानी बोट मुंबईत बांधलेली होती. बोट आपल्या सुतारांची. पण एकट्याने प्रदक्षिणा केलेला भारतीय त्यानंतर चाळीस वर्षं झाला नाही. भारतीय बोटीतून भारतीय खलाशाने जग फिरून यावं, ही आवटींची कल्पना. 'सागर परिक्रमा' नावाने नौदलाने ती २००६मध्ये हाती घेतली, तेव्हा ते ऐंशीच्या घरात होते.

पुढे आले कमांडर दिलीप दोंदे. गोव्यात दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकरांनी 'म्हादेई' बांधली. १९ ऑगस्ट २००९ला दोंदे मुंबईहून निघाले आणि चार बंदरं घेत १९ मे २०१०ला परतले. एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करणारे ते पहिले भारतीय. त्याच बोटीतून अभिलाष टॉमी २०१३मध्ये कुठेही न थांबता प्रदक्षिणा करून आले. आणि २१ मे २०१८ला 'तारिणी' गोव्याला परतली, तेव्हा तिच्यावर नौदलाच्या सहा महिला अधिकारी होत्या. त्यानंतर सहाच महिन्यांच्या आत, ३ नोव्हेंबर २०१८ला विंचुर्णीत आवटींचं निधन झालं. आपली कल्पना इतकी पुढे गेलेली त्यांना बघायला मिळाली.

मी सॉफ्टवेअरमध्ये आहे. आमच्याकडे पंचेचाळिशीचा माणूस जुना धरतात. मलाही तसंच वाटू लागलं होतं. आवटींची ऐंशी वर्षं मोजली आणि जरा लाज वाटली. खरं सांगायचं, तर रत्नागिरीत वाढूनही मला पोहता येत नव्हतं. गेल्या वर्षी शिकायला सुरुवात केली. अजून दम लागतो.

मेळाव्याच्या दिवशी मी एक सूचना मांडणार आहे. माजी विद्यार्थ्यांच्या निधीतून दर वर्षी बक्षिसं देतो, तशी काही मुलामुलींच्या पोहण्याच्या शिकवणीची फी भरू या. नंतर जमलंच, तर शिडाच्या होडीचंही बघू. मिरकरवाड्याचे आपले वर्गमित्र याबाबत आपल्यापेक्षा जास्त जाणतात. सुरुवात त्यांना विचारून करू या. पुढच्या पिढीच्या सहलीत तरी बाईंना ती जुनी सूचना द्यावी लागू नये.